पाव किलो गाजर आणि एक पान

गिऱ्हाईक समोर उभं आणि विक्रेता पुस्तकात डोकं खुपसून बसलेला... तोकमोक शहराच्या बाजारात असलं दृश्य एर्ना वीबेनं कधी पाहिलं नव्हतं. पॉपलरच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता. त्याच्या काळ्याभोर केसांवर, भुवईवर येऊन बसत होता, आणि या पठ्ठ्याला पत्ताच नाही!

"अहो... पाव किलो गाजर मिळेल, की धडा संपेपर्यंत थांबू?"

तो दचकला. लसूण-मिरचीत मुरलेलं किसलेलं गाजर घाईघाईनं पिशवीत भरू लागला.

"काय वाचताय एवढं?"

"आगाताबाई म्हणून एक होत्या, त्यांची देवावरची मननं. हद्दपारीत कोळशाच्या खाणींच्या गावी होत्या, तिथं लिहिलेली."

"म्हणजे... तुम्ही विश्वासी?"

"इथल्याच ख्रिस्ती मंडळीतला. रोमान खेगाय. आणि तुम्ही?"

"एर्ना. खालच्या गावच्या मंडळीतली."

"मग तर आमच्या भगिनीच झालात!"

"मुळीच नाही," ती पटकन बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. "पुस्तक वाचायला द्याल?"

"छे! आजीचं आहे. वाचून दाखवीन फार तर. पाव किलोला एक पान."

"लबाड आहात."

"दुकानदार आहे," तो हसला आणि वाचू लागला. "'विश्वास म्हणजे चूल. एकदा पेटवून कुणाचा हिवाळा निघत नाही. रोज राख काढावी लागते, हात काळे होतात. गार लागली म्हणून घरात चूलच नाही, असं म्हणू नकोस.'"

एर्नाचं हसू कुठल्या कुठे गेलं. कोळशाच्या गावच्या त्या म्हातारीला तिच्या मनातलं कळलं कसं?

कारण खालच्या गावच्या प्रार्थनाघरात सगळे आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करत, आणि वसंतापासून एर्नाची पाळी आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. निम्मं गाव पूर्वजांच्या देशी, जर्मनीला निघून गेलं होतं. गायनवृंदातल्या मैत्रिणीही गेल्या, बाकं ओस पडली. भाऊ पेटरनं आईचे नि तिचे तिकडे स्थायिक व्हायचे कागद धाडले होते. थंडीच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. आई म्हणे, "तू ठरव. तू जिथं, मी तिथं." आणि एर्नाला काही म्हणता काही ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा बाजारात. मग तिसऱ्या. पुढच्या पानावर काय असेल, हा किडा डोक्यातून जाईना. पानाचा की पान वाचणाऱ्याचा, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"अगं, ससे होऊ आपण!" आई ताट सरकवत म्हणाली. "दिसायला कसा आहे तो गाजरवाला?"

"आई! गाजर चांगलं असतं त्याचं."

"हं. गाजरच विचारलं मी."

टरबुजांचे ढीग लागले, तोवर 'अहो'चं 'अरे' झालं होतं. एके दिवशी त्यानं वाचलं, "'प्रार्थना सुचत नसेल, तर सुचत नाही, एवढंच त्याला सांग. तो तेही ऐकतो.'"

"मला... नाही सुचत रे," एर्ना हळूच म्हणाली. "कुणालाच सांगितलं नाही मी हे."

रोमाननं हातातला चमचा खाली ठेवला. "बाबा गेले तेव्हा मलाही सुचेना. मग आजीनं हे हातात दिलं. उगीच नाही मी गिऱ्हाईक विसरत!"

त्या संध्याकाळी राख काढता काढता एर्ना देवाला एवढंच म्हणाली, "सुचत नाही." आणि खूप रडली. कित्येक महिन्यांनंतर तिला हलकं वाटलं.

"जर्मनीचे कागद आलेत," पुढच्या खेपेला तिनं सांगून टाकलं. "आगाताबाई काय म्हणतात? जाऊ?"

"त्यांनी... यावर काही लिहिलेलं नाही."

"आणि रोमान खेगाय काय म्हणतो?"

तो गाजर भरतच राहिला. पाव किलो केव्हाच होऊन गेलं होतं. "मी तुला असं बाजारात नाही सांगणार. आपल्यात रीत आहे. रविवारी येतो, उपासनेआधी तुमच्या मंडळीच्या प्रमुखांना, याकोब वडिलांना भेटतो."

 रीत तिला ठाऊक होती. लग्नाचं मुलानं मंडळीच्या वडिलांना सांगायचं, मग त्यांनी मुलीला विचारायचं.

रविवारी बस वाटेत बंद पडली. रोमान धुळीनं माखून पोहोचला, तेव्हा उपासना संपत आली होती. याकोब वडिलांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणी पाहुणे? कुठून सलाम आणलाय?"

रोमान उठला. "तोकमोकच्या मंडळीकडून तुम्हाला ख्रिस्तात सलाम."

"प्रेमानं स्वीकारतो!" सगळे एका सुरात म्हणाले.

पण तो बसेना. हातातली टोपी पिळत राहिला. "आणि... आणखी एक आहे. माझ्याकडून. एकट्या एर्ना वीबेला."

 म्हाताऱ्यांचे डोईवरचे रुमाल एकदम मागे वळले. सलाम तर भरसभेत आला होता, आणि सलामाला उत्तर द्यायची पाळी आता तिची होती.

एर्ना उभी राहिली. मनात कसली म्हणून शंका उरली नव्हती. वसंतापासून मिटलेल्या त्या तोंडातून शब्द फुटले, स्वच्छ, मोठ्यानं.

"प्रेमानं... स्वीकारते."

"रीत मोडलीत दोघांनी," याकोब वडील चष्मा पुसत म्हणाले. "आमेन. बसा आता."

एर्ना बसली. शेजारी आईनं शालीखालून तिचा हात घट्ट धरला, डोळे पुसले आणि कुजबुजली, पण ते साऱ्या बाकाला ऐकू गेलं.

"म्हणजे आता जन्मभर गाजरच!"