ओळीतले दात

वादी झेम गावाच्या पलीकडच्या माळावर हम्माद आणि त्याचा दाजी लार्बी अकरा वर्षं शार्कचे दात खणून विकत होते. समुद्र तिथून पाच कोटी वर्षांपूर्वीच हटलेला. मागे राहिली फॉस्फेटची पिवळट वाळू आणि तिच्यात विखुरलेले दात. लार्बी खाली उतरायचा, हम्माद वरून दोरानं टोपली ओढून वाळू चाळायचा.

त्या सोमवारी चहा-भाकरी उरकून ते कामाला लागले. तिसरी टोपली ओलसर आली.

"दाजी, खाली पाणी लागलं का?"

"इथं? तुझ्या डोक्यावर ऊन चढलंय."

हम्मादनं वाळू नाकाशी नेली. मासळीचा वास होता.

पुढच्या टोपलीतले दात पांढरेशुभ्र निघाले. एरवी ते मधासारखे पिवळे असत. एकाच्या मुळाशी काहीतरी गुलाबी, मऊ चिकटलेलं होतं. हम्मादनं तो झटकन टाकून दिला.

"वर ये, दाजी."

"थांब रे. आज पहिल्यांदा ओळीत सापडतायत. एकाला एक लागून. डोक्यावरही आहेत."

"डोक्यावर कसे?"

 खालचा खणण्याचा आवाज थांबला. मग लार्बी अगदी हळू म्हणाला, "हम्माद, ओढ मला. बोलू नकोस."

हम्मादनं जीव खाऊन दोर ओढला. लार्बी वर आला तो नखशिखांत भिजलेला. ओठ निळे पडले होते. बराच वेळ तो उन्हात बसून कुडकुडत राहिला.

"मी बाहेरून खणत नव्हतो," शेवटी तो म्हणाला. "सकाळपासून आत बसलो होतो."

"कशाच्या आत?"

लार्बीनं फावडंभर वाळू खड्ड्यात लोटली. संध्याकाळपर्यंत दोघांनी खड्डा बुजवला. दात, चाळणी, सगळं त्यात लोटलं. तेव्हापासून लार्बी अंथरुणातून उठला नाही. कुणी जवळ आलं की तोंड घट्ट मिटून घ्यायचा.

शुक्रवारी हम्माद त्याच्या घरी गेला. लार्बीची बायको, म्हणजे हम्मादची थोरली बहीण रकिया, अंगणातल्या विहिरीपाशी उभी होती.

"पाणी खारट झालंय रे," ती म्हणाली. "शेजारच्यांचं गोड आहे. फक्त आमचंच."

"पावसाचं काहीतरी झिरपलं असेल, ताई."

"पाऊस कुठं झालाय? आणि हे बघ तरी."

हम्माद कठड्यावरून वाकला. पाणी काळं आणि संथ होतं. बघता बघता ते हातभर वर आलं. क्षणभर थांबलं. मग तितक्याच सावकाश खाली गेलं.

पुन्हा वर आलं.

 ती लय हम्मादच्या ओळखीची होती. ती त्याच्याच छातीत चालली होती.

त्यानं श्वास रोखून धरला.

पाणी थांबलं.