बपेऱ्याच्या राईस मिलमधली नक्कल

धनंजय एकटाच जेवत बसला होता तेव्हा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. तुकडा तांदूळ कॅमेऱ्याने ओळखून बाजूला काढणारा त्याचा प्रोग्रॅम बपेऱ्याच्या राईस मिलमध्ये दुसऱ्याच नावाने चालत होता. विकणारा फक्त फोनवर बोलला होता, तेही खोट्या नावाने.

एकोडीच्या घरात स्वतःला कोंडून घेऊन धनंजयने तो प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं पोट त्यावरच होतं. आई गेल्यापासून घरात दुसरा आवाज यायचा तो रविवारी, धर्मेंद्रचा. जवाहरनगरचा हा जुना दोस्त चहा प्यायचा, प्रोग्रॅमची ताजी प्रत घेऊन जायचा आणि चुका शोधून द्यायचा.

"संशय कोणावर?" सायबर शाखेच्या फौजदार हर्षा यांनी विचारलं.

"राजकुमारवर. तोही मिलसाठी प्रोग्रॅम लिहिते. मिलवाल्यांसमोर म्हणाला होता, याचं कुलूप मी तोडून दाखवतो."

"तुटते का?"

"विकायच्या प्रतीत मी सगळं विस्कटून टाकतो, मॅडम. आतल्या भागांची नावं पुसतो, वाटा उलट्यासुलट्या फिरवतो. पण हुशार माणूस चिकाटीनं बसला तर उलगडते."

राजकुमारला बोलावणं गेलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"फुशारकी मारली, मॅडम. करून पाहिलं, डोकं फिरलं, सोडून देलं."

"ते कोर्टात सांगा," हर्षा म्हणाल्या आणि धनंजयला मिलमधून आणलेली नक्कल तपासायला बसवलं.

त्याने ती उघडली आणि आतले भाग एकेक करून वाचले. अख्खा तांदूळ निवडणाऱ्या भागाचं नाव होतं 'शकुनबाई'.

शकुनबाई त्याची आई. सुपात पाखडताना तिची नजर कधी चुकली नाही, म्हणून कोणी वाचणार नाही अशा जागी त्याने तिचं नाव ठेवलं होतं.

आता तोंड उघडलं नाही तर राजकुमार अडकणार होता आणि रविवार शाबूत राहणार होता. क्षणभर त्याला मोह झाला. मग स्वतःचीच लाज वाटली.

"राजकुमारले सोडा."

"काहून?"

"विस्कटलेलं उलगडता येते, पण पुसलेली नावं परत येत नाहीत. विकलेल्या प्रतीत ती नसतातच. नकलेत आईचं नाव आहे, म्हणजे ही विस्कटायच्या आधीच्या प्रतीवरून बनली."

"ती कोणाजवळ होती?"

"माह्याजवळ. अन् धर्मेंद्रजवळ. विस्कटल्यावर चूक कुठं आहे ते समजत नाही, म्हणून त्याले मूळ प्रत देत होतो."

धर्मेंद्रने नाकारलं नाही.

"चुका मी काढून राहिलो होतो, नाव तुहं होत होतं," तो म्हणाला. "वाटलं, तू राजकुमारलेच धरशील."

"मंग आतलं नाव काहून नाही बदलवलं?"

"तिच्या हातचं जेवलो होतो रे. तिचं नाव पुसाले हात नाही उचलला."

हवालदार त्याला घेऊन गेले. धनंजयने जबाबावर सही केली, पण त्याला खुर्चीतून उठवेना.

"घरी न्यायला कोणाले बोलवू?" हर्षांनी विचारलं. "नंबर सांगा."

त्याला एकच नंबर तोंडपाठ होता, धर्मेंद्रचा.