पोच

“तुम्हाला पोच नाही,” खिडकीआडचा माणूस म्हणाला.

रांगेत माझ्यामागे सातजण होते. पाचजण हसले. उरलेल्या दोघांना नीट ऐकू आलं नसावं, कारण पुढच्यानं वळून सांगितल्यावर तेही हसले.

कचेरीच्या भाषेत पोच म्हणजे कागद मिळाल्याची चिठ्ठी, हे मलाही कळतं. पण चारचौघांत एखाद्या बाईला ‘तुम्हाला पोच नाही’ म्हटलं, की ती चिठ्ठीचा विचार करत नाही, अकलेचा करते. त्यातून माझं चष्म्याचं दुकान. दिवसाला वीसेक माणसांच्या डोळ्यांत बघायचं, हाच धंदा. समोरच्याच्या डोळ्यांत खोडी आहे की नाही, हे मला टॉर्चशिवाय कळतं. याच्या डोळ्यांत खोडी नव्हती. काहीतरी अडकल्यासारखं होतं. पण मला राग आला होता, आणि रागाला जवळचं दिसत नाही.

“कालव्यावरच्या पुलाचा कठडा तुटलाय,” मी म्हणाले. “तीन अर्ज दिले. तिसरा दिला त्याच आठवड्यात माझी आत्या तिथून घसरली, मनगट मोडलं. आणि तुम्ही म्हणता, अर्ज आलेच नाहीत.”

“तसं नाही म्हणालो. वहीत नाहीत, म्हणालो. आणि तुम्हाला...”

“पोच नाही. ऐकलं.”

“मागायला हवी होती,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “अजूनही... मागता येईल.”

“अक्कल मागून मिळत नसते,” असं म्हणून मी तरातरा पायऱ्या उतरले. बाहेर पाऊस होता, छत्री हातात होती, आणि ती उघडायची असते हे मला कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं. थोडक्यात, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

घरी आत्यानं टॉवेल पुढे केला. मला लहानपणापासून तिनंच वाढवलं. सध्या डावा हात प्लास्टरमध्ये, पण तोंड मोकळं.

“दिसायला कसा आहे गं?”

“कोण?”

“ज्यानं तुझी अक्कल काढली तो.”

“मी नाही बघितलं.”

“चष्मेवालीनं बघितलं नाही म्हणे,” आत्या प्लास्टरला म्हणाली.

बघितलं होतं. कपाळावर शाईचा ठिपका, कागद हातभर लांब धरून वाचायची सवय. नंबर दीड तरी असणार, आणि चष्मा नाही.

महिनाभरानं नागरिक पाहणी समितीच्या चिठ्ठ्या निघाल्या. जिल्हा कार्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवायला दर वर्षी पाच साधी माणसं निवडतात. तीन महिने त्यांनी कोणतंही कपाट उघडावं, कोणतीही वही बघावी, आणि मुदत संपायच्या आत उघड्या सभेत अहवाल वाचावा. एका चिठ्ठीवर माझं नाव होतं. आमचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी खोल्या वाटायला घेतल्या.

“मला आवक-जावक द्या,” मी म्हणाले.

“तिथे काय आहे? डिंक आणि शिक्के.”

“माझं एक काम राहिलंय तिथे.”

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तो चष्मा मीच दिलेला, त्यामुळे त्यांना स्पष्ट दिसलं असणार.

जिल्ह्यात येणारा आणि जिल्ह्यातून जाणारा प्रत्येक कागद त्या एका खोलीतून आणि खिडकीआडच्या त्या एका माणसाच्या हातून जायचा. कचेरीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे ‘आवकजावक’च म्हणत. मला बघून तो उभा राहिला. पेन खाली पडलं. ते उचलायला वाकला तर शिक्का पडला.

“या,” तो म्हणाला. “आज... काय बघायचं?”

“सगळं. तुमची पोच कुठवर आहे ते बघू.”

त्याचे कान लाल झाले. मी वहीत नोंद केली. समितीच्या नाही, माझ्या मनातल्या.

“चहा विचारणार नाही,” तो थोड्या वेळानं म्हणाला. “राग मानू नका. तुम्ही तपासायला आलात. इथला चहा प्यालात तर अहवालात साखर उतरेल.”

“आणि मी तुमचा नंबर तपासून दिला तर?”

“कसला नंबर?”

“डोळ्यांचा. तुम्ही कागद असे धरता, जणू तो चावेल.”

“ती लाच होईल.”

“कुणी कुणाला दिलेली?”

तो बराच वेळ विचार करत राहिला. “नियम बघावा लागेल,” तो शेवटी गंभीरपणे म्हणाला, आणि मला हसू दाबायला वहीचं पान उलटावं लागलं.

असे तीन आठवडे गेले. मला मोजायची सवय आहे, म्हणून सांगते. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर टोक केलेली एक पेन्सिल होती, दुसऱ्या आठवड्यापासून दोन. चौथ्या कपाटाजवळ छत गळायचं. तिथे बादली असे, आणि पाऊस वाढला की तो काही न बोलता माझी खुर्ची वीतभर सरकवायचा. एकूण अकरा वेळा सरकवली. शेवटी खुर्ची त्याच्या टेबलाला टेकली. त्यानंतर छत गळलं तरी ती सरकवायचं त्याला सुचलं नाही. मीही आठवण केली नाही.

आणि मग तक्रारींची वही हाती आली.

‘कालव्यावरील पादचारी पूल’ असं पान होतं. महिना, तक्रारींची संख्या, शेरा. संख्येच्या रकान्यात एकाखाली एक अकरा वेळा एकच शब्द होता, निरंक. म्हणजे काही नाही. एकही तक्रार नाही. अक्षर वळणदार होतं, आणि आता मी ते झोपेतही ओळखलं असतं.

“हे कुणाचं अक्षर?” मी विचारलं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारताना आवाज एवढा कापतो, हे मला माहीत नव्हतं.

“माझं.”

बादलीत थेंब पडत होते... टप्, टप्.

“पुलाचं काम मोठ्या साहेबांच्या देखरेखीखाली झालं,” तो म्हणाला. “काम उत्तम झाल्याचा दाखला त्यांनीच वर पाठवलेला. मग कठडा तुटला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, पुलाचे अर्ज वहीत घ्यायचे नाहीत, कुणाला पोच द्यायची नाही. पोच नाही तर पुरावा नाही.”

“आणि तुम्ही ऐकलंत.”

“निरंक लिहिताना ऐकलं.” त्यानं खणाला किल्ली लावली. “पोच लिहिताना नाही ऐकलं.”

खणात पोचपुस्तक होतं. पुलाच्या प्रत्येक अर्जाची पोच त्यानं लिहून ठेवली होती. नाव, तारीख, वेळ, शिक्का. फक्त फाडून कुणाला दिली नव्हती. मी मोजल्या. एक्केचाळीस. त्यात तीन माझ्या.

“त्या दिवशी तुम्हाला म्हणालो ना, पोच नाही म्हणून... मला वाटलं, तुम्ही भांडाल. द्याच म्हणाल. चारचौघांसमोर कुणी हक्कानं मागितली असती, तर मला द्यावीच लागली असती. तेवढ्या एका वाक्यात मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.” तो थांबला. “तुम्ही तर छत्री न उघडताच गेलात.”

“बघत होतात?”

“कोपऱ्यापर्यंत.”

अर्धा राग विरघळला होता, आणि उरलेला अर्धा आत्याच्या मनगटाचा होता. तो माझा नव्हताच, मी कसा सोडू?

“ह्या पोचा सभेत आल्या, तर साहेब अडकतील,” मी म्हणाले. “पण अकरा निरंक तुमच्या अक्षरात आहेत. तुमची नोकरी जाऊ शकते.”

“माहिती आहे.”

“मी लिहू शकते... ‘एका कर्मचाऱ्याने’ असं. मोघम.”

“पुलावरून रोज माणसं जातात. मी अकरा महिने मोघम लिहिलं, त्याचं काय झालं ते तुमच्या घरीच आहे, प्लास्टरमध्ये.” त्यानं पोचपुस्तक माझ्याकडे सरकवलं. “माझं नाव गाळलंत, तर तुमचा अहवालही निरंकच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी पोचा पुन्हा मोजल्या. सवय. या वेळी बेचाळीस भरल्या. एक चिठ्ठी दुसरीला डिंकानं चिकटली होती. भिंग लावून वाचली, आणि खुर्चीत बसून एकटीच हसले. मग रात्री घरी अहवाल लिहायला घेतला. त्याचं नाव आलं तिथे पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यानंच करून दिलेलं टोक होतं. मी दुसरी पेन्सिल घेतली आणि पूर्ण नाव लिहिलं.

आत्या मागून वाचत होती. “लिहिलंस?”

“लिहिलं.”

“माझ्या मनगटासाठी कुणाचं वाटोळं करू नकोस हो.”

“तो स्वतःच म्हणाला, लिहा.”

आत्यानं तो कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. “मग माणूस बरा असेल,” ती म्हणाली.

सभा भरली तेव्हा मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले होते, घडी न मोडलेल्या शर्टात. हेडमास्तरांनी अहवाल वाचला, पोचा दाखवल्या. साहेब शांतपणे उठले.

“समितीचे आभार,” ते म्हणाले. “एका कारकुनाचा हलगर्जीपणा उघडकीस आणलात. वह्या तोच लिहितो. त्याच्यावर कडक कारवाई होईल. मला याची कल्पनाच नव्हती.”

सगळ्या माना मागे वळल्या. आवकजावक भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

“एक पोच वाचायची राहिली,” मी उठून म्हणाले. “बेचाळिसावी. ‘मोठ्या साहेबांकडून तोंडी आदेश मिळाला. कालव्यावरील पुलाच्या तक्रारी नोंदवू नयेत, पोच देऊ नये.’ तारीख आहे, वेळ आहे. खाली साहेबांची सहीपण आहे.”

साहेबांनी हात पुढे केला. चिठ्ठी बघितली. सही त्यांचीच होती. त्यांनी मागे, भिंतीकडे बघितलं.

“रोजच्या सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवली होती,” आवकजावक मागूनच म्हणाला. “आदेश आला की त्याची पोच करायची, हा नियम आहे साहेब. तुम्ही न वाचता सही केलीत.”

सभागृहात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, आणि मग कुणालाच खोकला आवरेना.

साहेबांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. कठडा नऊ दिवसांत लागला. मी रोज मोजत होते. आवकजावकची नोकरी राहिली, पण अकरा निरंक लिहिल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली, आणि जिथे कुणी बसायला तयार नसतं त्या तक्रारीच्या खिडकीवर पाळीऐवजी कायमचं बसवलं.

“म्हणजे त्याला समज मिळाली,” आत्या मोकळं झालेलं मनगट फिरवत म्हणाली. “तुला पोच कधी येणार?”

“समितीची मुदत संपू दे आत्या. तोवर तो चहासुद्धा विचारणार नाही.”

“मुदत कधी संपते?”

“उद्या चार वाजता.”

“पाचला नाही, सहाला नाही... बरोबर चारला,” आत्या म्हणाली. “मनगट माझं मोडलं, आणि घड्याळ हिनं बांधलंय.”

चार वाजता मी रांगेत उभी होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता, या वेळी छत्री उघडून आले होते. माझ्यापुढे तिघं, मागे पाच. नंबर आला तसा मी अर्ज आत सरकवला. त्यानं तो हातभर लांब धरला.

“विषय,” तो वाचू लागला, “खिडकीवरील कारकून... डोळे तपासून घेण्यास टाळाटाळ करत असल्याबाबत... तसेच एका नागरिकास तीन महिन्यांत एकदाही...” तो थांबला. कान लाल झाले.

“वाचा की. मोठ्यानं,” मागचा म्हणाला. “आम्हालापण कळू दे.”

“...एकदाही चहा न विचारल्याबाबत.”

“गंभीर आहे,” मागचा म्हणाला.

“तक्रार खरी आहे,” तो माझ्याकडे बघत हळूच म्हणाला. “पण नुसत्या चहानं... निवारण होईल का?”

“ते किती दिवस विचारता, त्यावर आहे.”

“मी तर... कायमचं म्हणत होतो.”

मागच्यांचं हसणं थांबलं. या वेळी पाचही जणांना नीट ऐकू आलं.

“आधी पोच द्या,” मी म्हणाले. “घेतल्याशिवाय हलणार नाही मी.”

त्यानं पोचपुस्तक काढलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली. बराच वेळ वाकून लिहीत राहिला. शिक्का मारला, फुंकर घातली, आणि चिठ्ठी फाडून माझ्या हातात ठेवली. बोटं जरा जास्तच वेळ चिठ्ठीवर राहिली, त्याचीही आणि माझीही.

मी वाचली.

आवक : आज, चार वाजून बारा मिनिटे.

जावक : निरंक.

ज्या रकान्यात निरंक लिहिलेलं असतं, तिथेच पाणी मुरतं, हे मी तीन महिन्यांत शिकले होते. तसं बजावून सांगणारा अहवालही माझ्याच सहीचा होता. पण हा एक निरंक मी तपासला नाही. तसाच मंजूर केला, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला, आणि छत्री त्याच्या खिडकीला टांगून त्याची सुट्टी व्हायची वाट बघत बाकावर जाऊन बसले.