धुक्यातली पिवळी टोपी

कयाक डोक्यावर घेऊन चाललेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, आणि धुक्यातून चालणाऱ्या बाईला तर काहीच दिसत नाही. त्यामुळे मारिक्रूस आणि वारो यांची पहिली भेट थेट कपाळमोक्षानेच झाली.

"आई गं!"

"लागलं का?" कयाकखालून आवाज आला.

"छे! मी रोज होडीवर डोकं आपटूनच दिवस सुरू करते."

कयाक वाळूवर उतरली. खालून एक उन्हाने रापलेला चेहरा निघाला... हसू दाबता दाबता लाल झालेला. "पुएब्लाची ना तू? इतक्या सभ्यपणे शिव्या तिकडचीच माणसं देतात."

त्या दिवसापासून तो तिला 'पुएब्लाकरीण'च म्हणू लागला.

पुएब्ला शहरातल्या दातांच्या दवाखान्यात सहा वर्षं एकसारखी राबून मारिक्रूस तीन महिन्यांसाठी कालेता ओंदा या समुद्रकाठच्या गावी आली होती. लोळायला मात्र नाही. सकाळी पोहणं, मग सायकल, दुपारनंतर दीपगृहाची टेकडी, संध्याकाळी लाटांवरच्या फळीवरून धडाधड पडणं. तिची घरमालकीण दोन्या चोफी, म्हणजे चोफीबाई, वय अडुसष्ट, कपाळावर हात मारून घ्यायची. "पोरी, तू सुट्टीवर आलीयस की शिक्षेवर?" आणि स्वतःच पहाटे पोहायची टोपी चढवून दारात उभी राहायची.

पोहणारे सहाजण. दोन्या चोफी, मासळीवाला लेंचो, दोघी मास्तरीण बहिणी, पोस्टातून निवृत्त झालेले हासिंतो आजोबा आणि मारिक्रूस. पाच टोप्या भगव्या, हिची एकटीची पिवळी. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. वारो कयाकमधून मागे-मागे.

जूनमध्ये तिथलं धुकं सकाळी नऊपर्यंत हलत नाही. अशाच एका सकाळी, बोयाजवळ दम खाताना, वारो पुटपुटत डोकी मोजत होता. "...पाच, सहा, सात." आणि तो थांबला.

"सात?" मारिक्रूसने विचारलं.

"सहा म्हणालो."

"मी बहिरी नाही."

"मग आज हो," तो म्हणाला. त्या आवाजात थट्टा नव्हती.

घरी तव्यावर तोर्तिया उलटता उलटता दोन्या चोफी हळूच म्हणाल्या, "धुक्यात एक जास्त असतं कधीकधी. माझ्या आईच्या वेळेपासून. एक जास्त झालं तर गप्प बसायचं. एक कमी झालं तर बोंब मारायची. बास."

"पण ते... कोण असतं?"

"नाव विचारलं की ओळख होते, पोरी. आणि ओळख झाली की ते घरी येतं."

मारिक्रूस हसली खरी, पण त्या दिवशी हातावरचा काटा दुपारपर्यंत बसला नाही.

तरी ती पोहत राहिली. खरं सांगायचं तर वारोसाठी. पाण्यातून बाहेर येताच ती त्याच्यावर तुटून पडायची. "ही कॉफी आहे की बोया धुतलेलं पाणी?" दालचिनीचा वाफाळता पेला पुढे करत तो म्हणायचा, "पुएब्लाकरणींना चव नसते, नुसती जीभ असते." पेला देता-घेता बोटं एकमेकांवर जरा जास्तच रेंगाळायची... मग दोघंही समुद्राकडे बघायची, जणू तिथे काही बघण्यासारखं होतं.

ऑगस्ट उजाडला. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की स्वतःचा हात पाण्यात शिरताना दिसेना. बोयावरून वळल्यावर मारिक्रूसच्या चष्म्यात पाणी शिरलं. ती क्षणभर थांबली. डोकं वर काढलं तर आजूबाजूला कुणी नाही. आवाजही नाही.

मग अगदी शेजारून हात मारल्याचा आवाज आला. संथ. एकसारखा. छप... छप...

"वारो?"

ते हात थांबले, ती निघेपर्यंत. तिला हायसं वाटलं. ती त्या आवाजाला धरून पोहू लागली. पाणी हळूहळू गार होत गेलं. बराच वेळ झाला, तरी पायाखाली वाळू लागेना. आणि एक गोष्ट तिच्या उशिरा ध्यानात आली. शेजारचं माणूस श्वास घ्यायला तोंड वर काढतच नव्हतं.

"मारिक्रूस! मारिक्रूस!"

हाक पाठीमागून आली. आजवर त्याने तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. ती वळली. धुकं फाडत कयाक आली, आणि वारोने तिला दंडाला धरून अक्षरशः ओढून वर घेतलं.

"किनारा... कुठेय?"

त्याने आपल्या मागे बोट दाखवलं. ती उलट, खुल्या समुद्राकडे चालली होती.

शेजारचा आवाज बंद झाला होता.

"मी मागे राहिले हे कसं कळलं तुला?" दात वाजत होते तिचे.

वारोने कयाक किनाऱ्याकडे वळवली. "मागे राहिलीच नव्हतीस. सहाच्या सहा बाहेर आले. मी मोजले. पिवळी टोपी वाळूवर उभी होती, समुद्राकडे तोंड करून. मी पेला घेऊन गेलो. म्हटलं, पुएब्लाकरीण, घे कॉफी."

"मग?"

"मग काही नाही. तू बोललीच नाहीस. टोपीतून पाणी ठिबकत होतं, आणि पायाखालची वाळू कोरडी होती... पण ते मी नंतर पाहिलं. आधी कळलं ते वेगळंच. तू येऊन मला टोमणा मारला नाहीस, असं एकदाही झालेलं नाही. मी त्यासाठीच उठतो रोज." त्याने वल्हं मांडीवर ठेवलं. "पेला टाकला आणि धावलो."

ती काहीच बोलली नाही. त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं. मग तिने आपला गारठलेला हात त्याच्या मानेवर ठेवला, आणि तो "आईऽ गं!" करून ओरडला.

किनाऱ्यावर पाचच जण उभे होते, एकमेकांना चिकटून. दोन्या चोफींनी टॉवेल गुंडाळताना मारिक्रूसचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळला. "हीच आहे," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. दुसरी कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दुपारी धुकं उठलं, ऊन पडलं. वारो तिच्या दारात आला, धुतलेला शर्ट घालून, केस ओले.

"घरी चल जेवायला. आईने मासळीचा रस्सा केलाय. ती विचारेल, ही कोण? आता तिला काय सांगू?"

"काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते."

"ते आधी मला कळू दे ना!"

रस्त्यावरून लेंचो हातगाडी ढकलत चालला होता. समोरच्या खिडकीत दोघी मास्तरणी कान देऊन उभ्या होत्या. वारोने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं हिच्यावर प्रेम आहे!"

मारिक्रूसने लाजून दार ओढलं. पण आतून नाही. बाहेर येऊन, पाठीमागे.