रिकाम्या वर्गाचा पाठ

आमच्या अध्यापक विद्यालयाच्या फाटकावरची पाटी इतक्या वेळा बदलली की पाटी रंगवणारा आता आम्हाला घरचाच वाटतो. आधी नुसतं आमच्या मंडळाचं नाव होतं. मग जिल्ह्याचं बोर्ड आलं, त्याने आपलं नाव वर आणि आमचं खाली घातलं. बोर्डाला शिक्षण खात्याने हुसकलं, खात्याला विद्यापीठाने बाजूला सारलं, आणि आता परिषद नावाची जी कोणी आहे ती विद्यापीठालाही विचारत नाही म्हणे. प्रत्येकाने येऊन चहा घेतला, नियम सांगितले आणि पाटी बदलली. विद्यालय मात्र नियामक मंडळानेच चालवलं, आणि मंडळ म्हणजे गेली कित्येक वर्षं मी. ही बढाई नव्हे. बढाई मारायची ठरवली तर मला पुष्कळ जास्त सांगता येईल.

मी तिसरी नापास. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाला मागून कुजबुजायला नको.

विद्यालय काढलं माझ्या सासूबाईंनी. त्यांनी मंडळाची घटना केली तेव्हा समोर दोन पदवीधर मुलगे आणि एक वकील जावई बसले होते, आणि त्यांनी आपल्या मागे अध्यक्ष म्हणून माझं नाव सांगितलं. थोरले दीर म्हणाले, "आई, हिला सही तरी येते का?"

सासूबाई म्हणाल्या, "येते. आणि तुमच्यासारखी दिसेल त्यावर करत नाही."

त्या दिवसापासून दिरांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. घरात जरा शांतता आली.

वरच्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, एक लांब खोली आहे. भिंतभर फळा, त्याच्यापुढे लाकडी चौथरा, आणि एकापाठी एक लांबलचक बाक, एकेकावर दाटीवाटीने मुलं बसतील असे. एका बाजूला खिडक्या. त्यांतून शेजारच्या लाकडाच्या वखारीचं छप्पर दिसतं, आणि दुपारी करवतीचा आवाज येतो. या खोलीत एकही मूल कधी बसलेलं नाही. सासूबाईंनी विद्यालय काढलं तेव्हा सराव पाठांसाठी आपली मुलं द्यायला कोणी तयार होईना. त्या म्हणाल्या, मुलं नाहीत तर नाहीत, आहेत असं समजून शिकवा. पुढे शाळा मिळाल्या, मुलंही मिळाली, पण तो रिवाज राहिला. आमच्याकडे त्याला रिकाम्या वर्गाचा पाठ म्हणतात.

शिकायला येणाऱ्या मुलींना कागदोपत्री छात्राध्यापिका म्हणतात, मी पोरी म्हणते. खऱ्या शाळेत पाऊल ठेवण्याआधी प्रत्येक पोरीने या खोलीत एकटीने पाठ घ्यायचा. टाचण काढायचं, फळ्यावर लिहायचं, बाकांकडे बघून प्रश्न विचारायचा. आणि मग थांबायचं. मुलाला उत्तर द्यायला जितका वेळ लागेल तितका. मग "बरोबर, बस खाली" म्हणून पुढे जायचं. तपासणारी बाई आत बसत नाही, बाहेर दाराशी उभी राहून ऐकते. प्रश्न विचारून गप्प राहणं हे किती अवघड असतं ते करून बघा. आमच्या पोरींना ते येतं. कुठल्याही शाळेत आमची बाई कोणती ते न सांगता ओळखू येतं, कारण ती उत्तराची वाट बघते.

प्राचार्य माझी सूनच आहे. मोठी शिकलेली, नावाच्या आधी डॉक्टर लावते, आणि कशावर विश्वास नाही. गेल्या वर्षी एकदा ती माझ्याकडे येऊन बसली.

"आई, एक विचारू? हसायचं नाही."

"तुला हसायला मला सवड कुठे आहे?"

"वरच्या खोलीत पाठ घेताना पोरी मध्येच कोणाला तरी दटावतात. खिडकीकडच्या बाकावर. बाहेर काय बघतोस, म्हणतात."

"मग? खिडकीशी बसलेलं पोर बाहेरच बघणार. चांगली कल्पना आहे पोरींची."

"प्रत्येक तुकडीत, आई. आणि त्याला सगळ्याजणी डावखुराच म्हणतात."

मी म्हटलं, एकीने दुसरीला सांगितलं असेल. सून म्हणाली, मलाही तसंच वाटलं, म्हणून यंदा सगळ्यात आधी पाठ एका दूरवरून आलेल्या मुलीला दिला. आदल्याच दिवशी आली होती, कोणाशी ओळखसुद्धा नव्हती. "तीही म्हणाली, डाव्या हाताने लिहिलंस तरी चालेल, पण ओळ सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जिना चढून दाराशी उभी राहिले. आत तीच मुलगी होती, भूगोलाचा पाठ होता. तिने विचारलं, नदी कुठून कुठे वाहते. थांबली. वखारीतली करवत थांबली होती, तेव्हा ती शांतता मलाही नीट ऐकू आली. रिकाम्या खोलीची शांतता मला माहीत आहे, माझं अर्धं आयुष्य रिकाम्या खोल्यांना कुलपं लावण्यात गेलंय. ही तशी नव्हती. भरलेल्या खोलीत सगळ्यांनी श्वास धरावा तशी होती.

मग मुलगी हसली आणि म्हणाली, "हळू. एकेकाने."

ती बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "कोणाला म्हणालीस गं, एकेकाने?"

"आजी, तसं होतं आत." ती ओशाळली होती, घाबरलेली नव्हती. "आधी आपण मुद्दाम थांबतो. मग थांबावंच लागतं."

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. माझी मान ताठ झाली. इतक्या पोरींनी इतकी वर्षं जीव ओतून शिकवलं, तर बाकांनासुद्धा लिहितावाचता यायला हवं. सुनेला मी सांगितलं, यात वाईट काय आहे ते मला दाखव.

मग परिषदेचं पत्र आलं. रिकाम्या वर्गाचा पाठ अशास्त्रीय आहे, तो बंद करा, बाक काढा, तिथे संगणक मांडा. आणि नियामक मंडळाचा अध्यक्ष पदवीधर हवा. समिती येऊन बघेल, मग मान्यतेचं ठरवेल. म्हणजे मान्यता गेली तर फाटकाला कुलूप, आणि ती राहिली तरी माझी खुर्ची दुसऱ्या कोणाच्या बुडाखाली. धाकटे दीर त्या आठवड्यात दोनदा माझी तब्येत विचारून गेले.

समिती म्हणजे एक उंच साहेब आणि त्यांची बॅग धरणारा एक गृहस्थ. सकाळचं ऊन चांगलं वर आल्यावर आले. चहा घेतला.

"अध्यक्षबाई, आपलं शिक्षण?"

"तिसरी."

"तिसरी उत्तीर्ण?"

"उत्तीर्ण झाले असते तर चौथी म्हणाले असते."

बॅगवाले गृहस्थ खोकले. साहेबांनी चष्मा पुसला. "शिक्षक घडवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी, आपणच सांगा, हे शोभतं का?"

"शिक्षक प्राचार्यबाई घडवतात. त्यांच्या आड कोण येतंय तेवढं मी बघते. आज आपण आलात."

सुनेने माझ्या पायावर पाय दिला. साहेबांना राग आला, पण माणूस पोचलेला होता. म्हणाले, "चला, ती खोली दाखवा."

खोलीच्या दाराशी आल्यावर त्यांनी आत नजर टाकली. "मुलांशिवाय शिकवणं हे पाण्याशिवाय आंघोळ करण्यासारखं आहे."

"आपण शाळेत शिकवलंय?" मी विचारलं.

"पूर्वी. बरीच वर्षं."

"मग घ्या की एक पाठ. आम्ही बाहेर थांबतो, रिवाज आहे."

ते हसले. बॅगवाल्याकडे बघून भुवया उडवल्या आणि उंबरठा ओलांडला.

आणि आत बाक सरकले.

एक नाही. पुढून मागेपर्यंत सगळे, एकदम. शाळेशेजारी राहिलेल्या कोणालाही तो आवाज कळेल. गुरुजी वर्गात आले की वर्ग उठून उभा राहतो, तो.

सुनेने माझा दंड धरला.

दार अर्धं उघडं होतं. मला साहेबांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडे उन्हातले बाक, जागच्या जागी. त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, तळवा खाली. शिकवलेल्या माणसाचा हात.

"बसा," ते म्हणाले.

बाक पुन्हा वाजले.

मग खडूचा आवाज आला. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला, इतका हळू की शब्द कळले नाहीत. थांबले.

खूप थांबले.

"बरोबर," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटला नाही. "पुन्हा सांग बाळ."

बाहेर आले तेव्हा त्यांनी दार अलगद ओढून घेतलं, चालू वर्गाचं ओढतात तसं. बोटांना खडू लागला होता. पाणी मागितलं, आणि पेला हातात धरून बराच वेळ प्यायलेच नाहीत.

सुनेला म्हणाले, "पाठ चालू ठेवा. बाक हलवू नका." मग माझ्याकडे वळले. "आपण आत गेला आहात कधी?"

"विद्यालय माझं आहे, साहेब."

"तसं नव्हे. वर्ग भरलेला असताना."

मी त्यांच्या हातातला भरलेला पेला परत घेतला.

"मान्यता देतो," ते म्हणाले. "शिक्षणाची अट मात्र मला काढता येत नाही. मुदत देतो. तेवढ्यात पूर्ण करून घ्या."

"या वयात मला कोण शाळेत घेणार?" मी हसले.

ते हसले नाहीत. त्यांनी त्या बंद दाराकडे बघितलं आणि जिना उतरून गेले.

मान्यता आली. पाटीवाला आला, परिषदेचं नाव वर घातलं, आणि मी मागे उभी राहून आमचं नाव त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत काढून घेतलं. बोर्ड गेलं, खातं गेलं, विद्यापीठ गेलं, मी तिथेच होते. दिरांना पेढ्यांऐवजी नुसता निरोप पाठवला.

त्याच दुपारी मी वर गेले. एकटी. सून म्हणाली, मी येते, मी म्हटलं, काही गरज नाही. पदर सारखा केला, चष्मा लावला. एका परक्या साहेबासाठी आतली पोरं उठली, तर माझ्यासाठी काय करतील ते मला बघायचं होतं. ही जागा कोणी राखली होती?

दार ढकललं. चौथऱ्यापर्यंत गेले आणि वळून बाकांकडे तोंड केलं.

कोणी उठलं नाही.

करवत बंद होती. मी थांबले. थांबायला मलाही येतं.

"मी इथली अध्यक्ष आहे," मी म्हटलं.

ती धरलेल्या श्वासाची शांतता होती. सगळी माझ्याकडे बघत होती, हे मला कळत होतं, जसं पाठीमागून कोणी बघितलं की कळतं.

मग पुढचा बाक कुरकुरला. उठण्याचा आवाज नव्हता तो. बारीक होता. एकदा, मग त्याच बाकावर पलीकडे एकदा, मग आणखी पलीकडे. उशिरा आलेल्यासाठी पोरं सरकतात, तसा.

मी चौथऱ्यावरून उतरले. पुढच्या बाकापर्यंत ऊन येत नाही, कधीच येत नाही. मी बाकावर हात ठेवला आणि हळूहळू कडेपर्यंत नेला.

लाकूड सगळीकडे ऊबदार होतं. फक्त कडेला, एक बाई बसेल एवढी जागा, गार होती.