बाभळीच्या खुंटापाशी

सम्यकचं दुकान शहरात, उस्मानपुऱ्यात. पाण्याचे पंप, फवारणी यंत्रं, जुन्या स्कूटरी, धूर सोडणारं सगळं त्याच्याकडं यायचं. त्यामुळं होडीच्या मोटरसाठी फोन आला तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर भारतची होडी होती आणि होडीला बावीस वर्षांची टू-स्ट्रोक मोटर. पाच मिनिटं झकास चालायची, मग दम सोडायची.

"रोज एकाच जागी, मिस्त्री," भारत म्हणाला. "बाभळीच्या खुंटापाशी."

"खुंटानं मोटर बंद पडत नसती," असं म्हणून सम्यकनं हत्यारांची पिशवी उचलली. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्याच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता.

वस्तीवर पोचल्यावर खरा पेच कळला. भारतची बायको शालू नऊ महिने भरलेली. ओढ्यावरचा पूल आठवड्यापूर्वी वाहून गेलेला, दवाखाना पलीकडच्या काठाला. वाट काय ती पाण्यातूनच. आणि त्याच खुंटापाशी दोन वर्षांपूर्वी भारतचा बाप मुंजाबा जाळं सोडवताना बुडाला होता.

"म्हातारा धरून ठेवतो होडी," भारतची आई बानाबाई हळूच म्हणाली. "लई जीव होता त्याचा तिच्यावर."

सम्यकनं प्लग काढून पुसले. ठिणगी चांगली निळी पडत होती. नळीतून काढलेल्या पेट्रोलात तेलाचं प्रमाणही बरोबर होतं. काठावरच्या पिंपात मोटर बुडवून दोन मिनिटं चालवली, तर शहाण्या लेकरासारखी चालली. मग तो भारतबरोबर होडीत बसला.

दुपार होती, पण आभाळ इतकं दाटलेलं की दिवस मावळल्यागत वाटत होतं. पाण्यातून वर आलेला काळा खुंट दिसला, आणि मोटर खोकली, कण्हली, गप्प झाली. मग काहीच ऐकू येईना. टिटवीसुद्धा नाही. शेवाळाचा वास येत होता, आणि त्यात बिडीचा.

"तुम्ही बिडी...?"

"मी नाय ओढत," भारत कुजबुजला. "आबा ओढायचे..."

टुक... टुक... होडीच्या आतूनच कुणीतरी ठोकत होतं. सम्यकच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर उडी मारून पळावंसं वाटलं त्याला, पण पोहता येत नव्हतं. नाइलाजानं तो आवाजाच्या दिशेनं वाकला.

पेट्रोलची पत्र्याची टाकी होती. तिचा एक गाल आत ओढला जात होता आणि पत्रा टुकटुकत होता. झाकणावर काळा दोरा, दोऱ्यात बिब्बा, वर तेल-शेंदराचा जाड थर. नवरा त्याच पाण्यात गेला, पोराला तरी नजर लागू नये म्हणून पूल वाहून गेल्यावर बानाबाईनं तो आवळून बांधला होता, नेमका हवेच्या छिद्रावर. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. काठापासून खुंटापर्यंत टाकीतली हवा पुरायची, पुढं नाही.

सम्यकनं दोरा सोडला, छिद्र साफ केलं. टाकीनं लांब सुस्कारा टाकला, पत्रा टण्‌कन बाहेर आला. दोरी ओढताच मोटर सुरू झाली, आणि ते दोघं येड्यासारखे हसत सुटले.

"बिब्बा होडीच्या पुढच्या टोकाला बांधा, मावशी," काठावर येऊन सम्यक म्हणाला. "अजून एक आहे. मोटरला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपातला पडदा जुना झालाय. नवा आणेस्तोवर टाकीच्या नळीवरचा हा रबरी फुगा सारखा दाबत राहायचा. नाहीतर मोटर परत दमणार."

"आबा टाचेनं दाबायचे," भारत म्हणाला.

तेवढ्यात खोपटातून शालूची हाक आली. कळा सुरू झाल्या होत्या.

सगळे होडीत बसले. मोटरच्या दांड्यावर भारत, शालूचं डोकं मांडीवर घेऊन बानाबाई आणि फुगा दाबायला सम्यक. पण खुंट यायच्या आतच शालूनं कळ सोसवेना म्हणून सम्यकचे दोन्ही हात धरले ते सोडलेच नाहीत. खुंट आला. सम्यकनं डोळे मिटले. मोटर एका सुरात वाजत राहिली. खुंट मागं पडला, आणि होडी पलीकडच्या काठाला लागली.

सांजेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सम्यकला इतकं हलकं वाटलं की तो दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला.

"तुमचे उपकार, मिस्त्री," भारत डोळे पुसत म्हणाला. "काय फुगा दाबला तुम्ही. नळी पायाला लागत व्हती माझ्या. एकसारखी हलत व्हती."

सम्यकनं आपल्या हातांकडं पाहिलं. त्याच्या दोन्ही मनगटांवर शालूच्या नखांचे वळ अजून ताजे होते.

पुढच्या आठवड्यात त्यानं नवा पडदा आणि फुग्यासकट नवी नळी बसवली. जुना फुगा पिशवीतून उस्मानपुऱ्याला आला. सकाळी दुकान उघडून त्यानं तो हातात घेतला, तर टणक. अंगठ्यानं दाबला, दबेना. दोन्ही तोंडं उघडी, आत थेंबभर पेट्रोल नाही, आणि फुगा दगडासारखा. दुकानात बिडीचा वास येत होता.

सम्यकनं रस्त्याकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग हळू आवाजात म्हणाला,

"आबा... पोचली शालू. नात झाली तुम्हाला. दोघी बऱ्या आहेत."

फुग्यानं टाकीसारखाच लांब सुस्कारा टाकला आणि त्याच्या मुठीत मऊ पडला. सम्यकचाही श्वास तेव्हाच सुटला.

फुगा त्यानं फेकला नाही. गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलाय. एरवी नुसता लोंबत असतो. पण होडी पाण्यात घालायच्या आधी भारत हल्ली फोन करतो, तेव्हा सम्यक दुकानातला पंखा बंद करून फुग्याकडं बघत बसतो. पाच मिनिटं काही होत नाही. मग होडी खुंटापाशी पोचायच्या सुमाराला फुगा हळूच आत दबतो, आणि सुटतो.