दोन वाजताचा दिवा

समुद्रकाठच्या क्लबमागची शेगडी विझत आली होती. सॉसेजं संपली, अंधारात समुद्र दिसेनासा झाला, आणि पोरांनी म्हाताऱ्या रॉसला गाठलं. काहीतरी सांग म्हणाली. रॉसने बाटली वाळूत रोवली. म्हणाला, ऐकीव सांगत नाही. क्लाइव्ह मॅडर्न माझा शेजारी, त्याने स्वतः सांगितलेलं आहे. एकदाच.

क्लाइव्ह एका संध्याकाळी रस्ता ओलांडून मुलीकडे गेला होता, एक खोकं आणायला. रस्त्याच्या अलीकडे आपलं क्वीन्सलंड, पलीकडे न्यू साउथ वेल्स, दुसरं राज्य. उन्हाळाभर ते घड्याळं तासभर पुढे करून ठेवतात, आपली जिथल्या तिथे. पलीकडे केस कापायला जायचं तरी आपण विचारतो, तुमच्या वेळेने की आमच्या?

खोक्यात पहाटेसारखा हळूहळू उजळणारा दिवा होता, पडद्याला लावायची मोटर होती आणि बोलणारा एक गोल स्पीकर. क्लाइव्हने जन्मभर काँक्रीटचा ट्रक चालवलेला. झोपला की नुसता ओंडका. आणि बायको, मर्ल, समोरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. रात्री तीनला तिला औषध द्यायचं, कुशीवर वळवायचं. नाहीतर छाती भरून श्वास कोंडायचा. एकदा हा उठला नाही, तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली होती. तेव्हापासून बिचाऱ्याला झोपायचीच भीती वाटायची.

जोडीने, म्हणजे त्याच्या मुलीने, सगळं जोडून दिलं. पण आपल्या फोनवरून, तिकडच्या वेळेवर. त्यामुळे तीनचा दिवा इकडे दोनलाच लागायचा. पडदा सरकायचा, स्पीकर म्हणायचा, वेळ झाली. क्लाइव्ह डोळे न उघडताच पुटपुटायचा, "तासाभराने." मग बरोबर तीनला दिवा पुन्हा लागायचा आणि हा उठायचा. जोडी म्हणाली, दुरुस्त करून देते बाबा. तो म्हणाला, राहू दे गं, उन्हाळा संपून एप्रिलमध्ये तिकडची घड्याळं मागे आली की आपोआप जमेल. मीसुद्धा चिडवायचो, झोपतोस क्वीन्सलंडात आणि उठतोस न्यू साउथ वेल्समध्ये.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं मागे आली. दोन्हीकडे वेळ एक झाली. गोष्ट त्याच रविवारच्या रात्रीची. क्लाइव्हने मर्लचं पांघरूण सारखं केलं, आता सगळं वेळेवर होणार म्हणून तिला सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपला.

दिवा लागला. पडदा सरकला.

"क्लाइव्ह, ऊठ."

"तासाभराने," तो सवयीने म्हणाला. दिवा मावळला.

मग त्याचे डोळे उघडले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

दोन... आता दोन कसे? आता तर दोन्हीकडे वेळ एकच, दिवा तीनलाच लागायला हवा.

आणि ते यंत्र कधी नाव घेत नसे. वेळ झाली, एवढंच म्हणायचं.

तो उठायला गेला. पाय हलेना. हात हलेना. ओरडायला गेला... घशातून हवासुद्धा निघेना.

समोरच्या खोलीत कुणीतरी बोलत होतं. हलक्या आवाजात. बाईमाणूस असावं. मग मर्ल हसली. महिनोन्‌महिने तिच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. ती हसली, आणि अगदी स्पष्ट म्हणाली,

"तो नाही उठायचा गं. चल."

पलंग करकरला.

पावलं. दोघींची. त्याच्या दारापाशी आली. थांबली...

क्लाइव्ह छताकडे बघत पडून राहिला. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं, तेही पुसता येईना.

पावलं पुढे गेली. बाहेरचं दार उघडलं. लागलं.

मग काहीच नाही.

तीनला दिवा लागला आणि त्याचं अंग सुटलं. धडपडत गेला. बाहेरच्या दाराला आतून कडी तशीच होती. मर्ल पलंगावरच होती. गार पडली होती.

रॉसने वाळूतली बाटली उचलून एक घोट घेतला. टालिया नावाची पोर जॅकेटात अंग चोरून म्हणाली, "रॉस, झोपेत होतं रे असं. भास झाला असेल त्याला."

"मीही तेच म्हणालो," रॉस म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. म्हणाला, उन्हाळाभर दोनला कुणीतरी मला वेळेवर उठवत होतं रॉस, आणि मी रोज सांगत होतो, तासाभराने."

"मग?"

"मग मला मर्लच्या खोलीत घेऊन गेला. डॉक्टर अजून यायचा होता. त्याने तिच्या पायांवरचं पांघरूण वर केलं." रॉसने निखाऱ्यांकडे पाहिलं. "पायात बूट होते. पांढरे, कापडी. नाडीला दुहेरी गाठ. मर्लच्याच मापाचे. जोडीने नाही, क्लाइव्हने नाही, त्या घरात कुणीच ते कधी पाहिले नव्हते."



"आणि बुटांचे तळ झिजले होते," रॉस म्हणाला. "रोज चालून झिजतात तसे."